करिष्माच्या रेघा आणि बाबांची झोप

मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. मित्रांनो, आधी मी चाकणच्या एका कंपनीत आलेल्या यंत्राचे खोके होतो. यंत्र बाहेर निघाले आणि मी भंगारात गेलो. त्याच कंपनीत प्रेस मशीनवर काम करणाऱ्या ज्योतीरामभाऊंनी माझ्या फळ्या मागून घेतल्या, रंधा मारला आणि रहाटणीच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात लेकीसाठी मला घडवले. "आमची करिष्मा डिझाइनच्या कॉलेजात हाय," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तेव्हा माझाही ऊर भरून येई.

भाऊंची कायमची रात्रपाळी. ते दिवसा झोपत, म्हणून करिष्माची आई दुर्गाबाई पडदे ओढून घेत, कुकरची शिट्टीही होऊ देत नसत. करिष्मा माझ्यावर पेन्सिलसुद्धा जपून टेकवायची. तिच्या रेघा बारीक, चित्रे कागदाच्या कोपऱ्यात. एवढा ऐसपैस मी, आणि पोर अंग चोरून बसलेली! मला फार वाईट वाटे.

शेवटच्या वर्षी लहान मुलांसाठी नवे खेळणे करायचे होते. ते कॉलेजात दाखवायला एकच दिवस उरला, नाही दाखवले तर वर्ष वाया जाणार होते, आणि हिला काही म्हणता काही सुचेना. अखेर रडकुंडीला येऊन तिने माझ्यावर दाणकन मूठ आपटली.

"आगं, बाबा उठतील की!" दुर्गाबाई धावत आल्या.

"मी जागाच हाय," आतून भाऊ म्हणाले. "रातभर प्रेसची धडधड ऐकणाऱ्याला ह्या सामसुमीत झोप कुठली? पोरीचा अभ्यास मोडू नये म्हणून गप पडून राहतो."

आधी दुर्गाबाईंना हसू फुटले, मग सगळ्यांनाच.

करिष्माने पडदा सर्रकन बाजूला केला. स्वयंपाकघरातले डबे उचलून आणले, माझ्यावर ठेवून ठोकून पाहिले, खिळे मारून फळकुटांच्या पायऱ्यांखाली बसवले. पाय पडेल तिथे वेगळा आवाज देणारा बुटका जिना दिवस मावळायच्या आत उभा राहिला. आणि त्या ठोकाठोकीत भाऊ चक्क घोरत होते! पाळीला जायची वेळ झाली, तेव्हा हलवून उठवावे लागले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मॅडम स्वतःच त्या जिन्यावर चढल्या म्हणे. करिष्माचे वर्ष वाचले.

मित्रांनो, माझ्या अंगावर आता भोके आहेत, ओरखडे आहेत. त्याचे मला काही नाही. तुम्ही आपल्या माणसांना जरूर जपा. फक्त त्यांना काय हवे आहे, ते एकदा त्यांनाच विचारा.