मालक रांगेत शेवटी

चपला बाहेर.

वडीगोद्रीच्या गोदामात पंखा नाही.

मेमरी मुबलक, डिस्क निम्मी रिकामी.

मालक हसतात. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे.

कपाशीच्या बियाण्याचे ट्रक दारात, ड्रायव्हर चहाच्या गाड्यावर.

हात लावू नका, आराम पडू द्या.

आता हे सगळं एका गोष्टीत बसवू. नवीन जालन्यातली एक बियाणे कंपनी, दोन हजार दोनचा मे. काचेच्या थंडगार खोलीत लिनक्सचा सर्व्हर, आणि त्याच्या जोरावर खाली काउंटरवर ट्रकांचे गेटपास छापले जात. मालक सर्जेराव आल्यागेल्या डीलरला आधी सर्व्हर दाखवत, मग बियाणं. कुणी बटणांना हात लावला नाही की पडद्यावर मालकांचा फेट्यातला फोटो तरंगू लागे. ही मालकांच्या मेव्हण्याची कला.

सर्व्हरची जबाबदारी काकासाहेबवर. नावाच्या मानाने फार तरुण. पुण्याला कोर्स करून आलेला, आणि ते रोज कुणाला तरी सांगणारा.

हंगाम लागला आणि गेटपास अडकायला लागले. मालकांनी निदान केलं.

"थकलंय ते. दुपारी बैल सोडतो का न्हाई आपण? मंग ह्याला बी सोडा. कुणी हात लावायचा न्हाई."

मशीनला आराम मिळाला. जितका आराम मिळाला तितकं ते जास्त दमलं.

काकासाहेब चपला काढून आत जाई, बटण दाबी. फोटो नाहीसा होई. मग तो 'टॉप' असा हुकूम देई. कोणतं काम प्रोसेसरचा किती घास खातंय ते यात वरपासून खाली दिसतं. दिसायचं काय, तर कुणीच काही खात नाही. सर्व्हर रिकामा, समाधानी. गेटपास धडाधड निघत.

"बघ, बराबर चालू राह्यलंय," मालक म्हणाले. "तू गेला की बंद, तू आला की चालू. काहीतरी तूच करून राह्यला. आता परत अडकलं तर वडीगोद्रीच्या गोदामात जायचं. पोती मोज."

काकासाहेबच्या बायकोचं, दुर्गाबाईचं, जालन्यात डी.एड. चालू होतं. वडीगोद्रीला गेलं तर ती इथे आणि हा तिथे, पोत्यांत.

दुसऱ्या दिवशी परत अडकलं. काउंटरवरच्या पुष्पाबाईंनी हाक मारली.

"काकासाहेब, जा बरं, त्याला तोंड दाखवून या. तुम्ही दिसल्याशिवाय चालत न्हाई ते."

तो उठला, आणि थांबला. काउंटरच्याच कॉम्प्युटरवरून त्याने सर्व्हरमध्ये शिरकाव केला. काचेच्या खोलीत कुणी नव्हतं. टॉप.

फोटो ९७
गेटपास २
बाकी सगळे १

"हे वर कोण बसलंय?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"मालक."

"म्हंजे?"

"मालकाचा फोटो. सगळं तोच खाऊन राह्यलाय."

"मंग सांगा की त्यांना."

"तुम्ही सांगता का?"

पुष्पाबाईंना एकाएकी स्टेपलरमध्ये पिना भरायची आठवण झाली.

चालतं काम संपवायचा हुकूम सोपा असतो. त्याचं नाव 'किल'. त्याच्यापुढे मालकांचं नाव लिहायला काकासाहेबचा हात धजेना. त्याने फोटो सुरू करणाऱ्या ओळीला 'नाइस' जोडला, एकोणीस आकड्यासह. म्हणजे या कामाने रांगेत सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, उरलंसुरलं खायचं. मग काचेच्या खोलीत जाऊन, बटण दाबून त्याने फोटो घालवला. थोड्या वेळाने तो परत उगवला तो नव्या शिस्तीत. गेटपास निघतच राहिले.

संध्याकाळी मालक डीलरला घेऊन आले. पडद्याच्या मधोमध फेटा थबकला होता.

"काकासाहेब, मी असा अडकून का राह्यलो?"

"मालक, खाली ट्रक निघून राह्यलेत," काकासाहेब जीव मुठीत धरून म्हणाला. "गर्दी असली की तुम्ही थांबता, आन् माल पुढं जाऊ देता."

मालकांनी डीलरकडे पाहिलं. "पाह्यलं का? मशीनलासुद्धा कळतं माणूस."

बदली तिथेच रद्द झाली. मात्र मालकांना थांबावं लागू नये म्हणून महिन्याभरात फोटोसाठी वेगळा कॉम्प्युटर आला, मेमरी सर्व्हरच्या दुप्पट. त्याचीही जबाबदारी काकासाहेबवर.

सर्व्हर विकत घेतला तेव्हा त्याच्यासोबत मॉनिटर नव्हता; सर्व्हरला तो लागत नाही. मालकांनी तो औरंगाबादहून वेगळा मागवला.