धरलंय

बारा पायऱ्या.

निळ्या रंगाचे सतरा थेंब, कधीच सुकलेले.

थर्मासचं झाकण.

घेवड्याच्या तीन शेंगा. त्यातली एक किडकी.

रबरी बुडाची काठी.

"अगं, खाली बघ."

या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हांला वाटेल. वाटू द्या. मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे, आणि शिडीची गोष्ट अशीच एकेका पायरीने सांगायची असते. मधल्या काही पायऱ्या मी गाळणार आहे. तुम्हीही घाईत चढताना गाळताच की!

पायरी पहिली

मला एका अबोल सुताराने घडवलं. तो बोललाच तर लाकडाशी बोलायचा. माझे दोन उभे दांडे त्याने तासले, त्यांत भोकं पाडली, पायऱ्या ठोकून बसवल्या आणि मला भिंतीला टेकवून म्हणाला, "तुला दोनच पाय आहेत. एकटीने उभं राहायचा हट्ट धरू नकोस."

मला राग आला. कारण शेजारीच एक घोडा उभा होता. घोडा म्हणजे चार पायांची, घडीची शिडी. तो दुकानाच्या मधोमध कोणाच्याही आधाराशिवाय उभा असायचा आणि गिऱ्हाइकं आधी त्याच्याकडेच वळायची.

मग एक दिवस दोघी मैत्रिणी आल्या. दोघी रंगारी. एक लहानखुरी, वाऱ्यासारखी. दुसरी उंच, रुंद, आवाजाने भारदस्त. गल्लीत त्यांना खार आणि बुरूज म्हणत, आणि त्या नावांना दोघी खुशाल ओ देत.

"घोडा न्या," सुतार म्हणाला. "धरायला माणूस लागत नाही."

"मग मी दिवसभर काय करू? माश्या मारू?" बुरूज म्हणाली.

"चढणार कोण?"

"ही."

"आणि तुम्ही?"

"मी हिला पडू देणार नाही."

इतकं साधं बोलणं. त्याच दिवशी दोघींनी मला खांद्यावर घातलं, एकीने पुढचं टोक, दुसरीने मागचं. उंचीतल्या फरकामुळे मी सगळा रस्ता तिरकी गेले.

पायरी तिसरी

ही पायरी मधोमध झिजलेली आहे. इथे खार बसायची. सकाळचं काम झालं की ती खाली उतरून तिसरीवर टेकायची, बुरूज उलट्या ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर बसायची आणि थर्मास उघडायची. त्याचं झाकण हाच पेला. पेला एक आणि माणसं दोन, म्हणून पहिला चहा एक दिवस खारीचा, एक दिवस बुरूजचा. या पाळीवरून त्या जितक्या भांडल्या, तितक्या रंगाच्या छटेवरूनही भांडल्या नाहीत.

"काल तूच घेतलास पहिला."

"काल रविवार होता, बये! काल आपण कामालाच नव्हतो."

चहा, भांडण, मग भिंतीवर सरकत येणारं ऊन बघत दहा मिनिटं गप्प बसणं. एवढंच असायचं. पण त्या दहा मिनिटांसाठी मी कुठल्याही घोड्याशी जागा बदलली नसती.

कामाला लागण्याआधी खार माझ्या पायरीला कपाळ लावायची आणि देवाला पुटपुटून सांगायची, "सांभाळ रे बाबा."

बुरूज खालून म्हणायची, "त्याला सांग, वरून बघ म्हणावं. खालून धरायला मी आहे."

"त्यानेच ठेवलंय तुला."

"पगार काही देत नाही तुझा बाबा."

मग खार विचारायची, "धरलंस?"

"धरलंय."

या शब्दाशिवाय खारीने कधी पाय उचलला नाही. वर गेल्यावरही, बाजूला झुकून लांबचा कोपरा रंगवायचा असला की ती पुन्हा विचारायची, आणि खालून तेच उत्तर यायचं. ती खाली मात्र बघायची नाही. खाली बघितलं की तिला गरगरायचं. म्हणून तो शब्द हेच तिचे खालचे डोळे.

एकतीस वर्षं. किती वेळा तो शब्द ऐकला, कोण मोजणार?

पायरी नववी

आता सांगायचं टाळून चालणार नाही.

वाचनालयाची बाहेरची भिंत होती. जुना पिवळा रंग, त्यावर निळा चढत होता. फरशी नुकतीच धुतलेली. खार नवव्या पायरीवर होती. खिडकीच्या पलीकडचा तुकडा रंगवायचा होता, तिथवर ब्रश पोचत नव्हता. तिने न बघता विचारलं, "धरलंस?"

"धरलंय," बुरूज म्हणाली.

मित्रांनो, माझ्या दांड्यांवर हात नव्हते.

बुरूज खोटं बोलली नाही. तिने विचारच केला नाही. एकतीस वर्षांत तो शब्द इतका गुळगुळीत झाला होता की प्रश्न आला आणि तो आपोआप बाहेर पडला. हात मात्र थर्मासच्या झाकणात चहा ओतत होते.

मला ओरडता येत असतं तर! मी नुसती कुरकुरले. तशी मी रोजच कुरकुरते. खार झुकली, माझे पाय घसरले, आणि निळा रंग माझ्या अंगावर सांडला. तिचा पाय दोन ठिकाणी मोडला.

जमलेले लोक म्हणाले, फरशी ओली होती. वाचनालयाचे ग्रंथपाल म्हणाले, शिडी जुनी झाली. बुरूजने मला एकटीने उचललं, घरी नेलं आणि मागच्या अंगणात आडवं टाकलं.

जमीन

आडव्या शिडीला काही अर्थ नसतो. माझ्यावर आधी फडकी वाळली, मग कोंबडी बसायला लागली. बुरूजचा नवरा शिंपी आहे, त्याला रिकामी वस्तू बघवत नाही. त्याने मला कुंपणाला उभं केलं आणि घेवड्याचा वेल सोडला. "काही नाही तर शेंगा तरी देईल," तो म्हणाला. बुरूज दारातून बघायची, पण अंगणात यायची नाही.

"अहो, काढा ती तिथून," ती म्हणायची.

"मग जाळू का?"

"नको!"

पावसाने माझ्या खालच्या पायऱ्या काळ्या पडल्या. एका दांड्याला भेग गेली. वाचनालयाची भिंत अर्धी निळी आणि अर्धी पिवळी राहिली, आणि लोक म्हणत, वाचनालयाने अर्धाच सदरा घातलाय. बुरूजने रंगाचं काम सोडलं. खारीच्या घरी ती एकदाही गेली नाही. सात महिन्यांत एकदाही नाही.

मला वाटलं, संपलं.

पुन्हा पायरी पहिली

आठव्या महिन्यात अंगणाचं फाटक वाजलं. आधी रबरी बुडाची काठी आत आली, तिच्यामागून खार, आणि तिच्यामागून तिची भाची, तोंडाचा पट्टा चालू ठेवून.

"मावशी, मी तुला ॲल्युमिनियमचा घोडा आणून देते म्हटलं ना! धरायला कोणी लागत नाही."

"तेच तर नकोय मला."

खारीने वेलाकडे बघितलं, शेंगा तोडून भाचीच्या हातात दिल्या आणि वेल हळूहळू सोडवायला लागली. आवाज ऐकून बुरूज दारात आली. तिथेच थबकली.

"नवऱ्याला सांग, एका शेंगेला कीड आहे," खार म्हणाली. "शिडीला नाही. भेग आहे, ती खिळपट्टीने बसेल. चल. भिंत अर्धी राहिलीये."

"मी नाही येणार."

"का?"

बुरूजचा तो आवाज, रस्त्यापलीकडे ऐकू जाणारा, त्या दिवशी अंगणातसुद्धा पोचेना. "त्या दिवशी मी धरलं नव्हतं."

 

"माहितेय," खार म्हणाली.

"काय माहितेय?"

"नवव्या पायरीवर तळपायाला कळतं गं. तू धरलेली शिडी जड लागते. त्या दिवशी हलकी लागली."

"मग झुकलीस कशाला, मूर्ख बाई?"

"तू म्हणालीस ना, धरलंय. मी पायांचं ऐकायचं, का तुझं?"

बुरूज खाली बसली. तोंडात पदर कोंबून रडली. खारीने तिला रडू दिलं. मग काठीचं टोक तिच्या पायाला टोचून म्हणाली, "सात महिने मी वाट बघितली. पाय मोडल्याचं एवढं नाही, पण तू न आल्याचं मी विसरणार नाही. रोज ऐकवीन. ऐकून घ्यायला यायला लागेल तुला."

त्यांनी मला परसातल्या भिंतीला उभं केलं. सुताराकडे नंतर जायचं, आधी दोन पायऱ्या तरी, असा खारीचा हट्ट. तिने माझ्या पायरीला कपाळ लावलं, पुटपुटली, आणि विचारलं, "धरलंस?"

बुरूजचे हात माझ्या दोन्ही दांड्यांवर होते. ते इतके घट्ट होते की माझी भेग मिटली. पण शब्द निघेना.

"धरलंस का?"

"मी नाही सांगणार," बुरूज म्हणाली. "सांगण्याचं काही खरं नसतं माझ्या. तू बघ."

"मला गरगरतं, माहितेय ना तुला?"

"गरगरू दे. अगं, खाली बघ."

खार दुसऱ्या पायरीवर होती. उंची ती किती! तरी तिने माझी वरची पायरी दोन्ही हातांनी आवळली. तिने डोळे मिटले, उघडले, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा मान वळवून खाली बघितलं. तिथे बुरूजचे हात होते, माझ्या सुकलेल्या निळ्या थेंबांवर घट्ट बसलेले. बुरूजचा वर वळलेला, रडून सुजलेला चेहरा होता.

"कशी दिसतेस गं वरून," खार म्हणाली. "भोपळ्यासारखी."

"चढ आता."

ती चढली.

वाचनालयाची भिंत आता पूर्ण निळी आहे. मी अजून कामावर आहे, दांड्याला पट्टी मारून. आणि अजून खूप वर्षं राहणार आहे, हे मी ठरवलंय. मित्रांनो, तुमच्या घरी शिडी असेल तर तिला पावसात टाकू नका, वर्षातून एकदा तेल द्या, चढण्याआधी तिचे पाय तपासा. आणि जो कोणी खालून धरतो, त्याच्याकडे एकदा वळून बघा. गरगरलं तरी बघा. बघितल्याने विश्वास कमी होत नाही. खालच्या हातांनाही तो कळतो, एवढंच.

मी घसरले त्या दिवशी पहिल्या चहाची पाळी बुरूजची होती. तरी भरलेलं झाकण तिने खारीसाठी तिसऱ्या पायरीवर ठेवायला घेतलं होतं.