काळोखाच्या राणीचा झगा

रोज सकाळी बुद्धवंदना झाल्याशिवाय मी शिलाई मशीनला पाय लावत नाही. त्या दिवशीही मेणबत्ती लावून पंचशील म्हटलं आणि कामाला बसले, तेवढ्यात माझी लेक स्नेहा काळं कापड घेऊन आली.

ओतूरच्या कॉलेजात तिचं शेवटचं वर्ष. गॅदरिंगला अंतराळातलं नाटक बसवलं होतं. असल्या सिनेमांत असतं तसंच सगळं. काळोखाची राणी एका शब्दावर ग्रह जाळते आणि प्रकाशकन्या मरून पुन्हा उठते. राणी स्नेहा होती.

"प्रकाशकन्या कोण?"

"वर्गातली संस्कृती. पांढरा ड्रेस, मागून लाइट. एकदम देवीसारखी."

"आणि तुलाच राणी का?"

स्नेहा कापडाची घडी उलगडत राहिली. "पप्पू नाटक बसवतोय ना, तो म्हणाला, तुझ्या मेकअपचा खर्च वाचला." ती हसली, पण माझ्याकडं बघितलं नाही.

"मग सोडून दे."

"का सोडू? पहिल्यांदाच स्टेजवर बोलायला मिळतंय मला."

मी कात्री उचलली, पण त्या काळ्या कापडावर ती चालेना. कपाटातून पांढरी साडी काढली. पौर्णिमेला उपोसथ धरून अष्टशील घेते, तेव्हा विहारात नेसते ती.

"आई, ही तुझ्या उपोसथाची! आणि राणी वाईट ए."

"असू दे. वाईट माणूस काय रंग लावून येतो?"

दुसऱ्या दिवशी पप्पू घरी आला. "मावशी, दोघी पांढऱ्यात? मग वाईट कोण, ते लोकांना कळायचं कसं?"

"ती बोलल्यावर कळंल की, भाऊ."

"सिनेमात असं नसतं राव!" कपाळावर हात मारून गेला.

गॅदरिंगला मी पुढंच बसले होते. स्नेहा पांढऱ्या झग्यात आली तशी मागं शिट्ट्या मारणारी पोरं गप्प झाली. शेजारच्या बाईनं तर हात जोडले. स्नेहानं डोळे मिटले, छातीशी हात जोडले. मी वंदनेला बसते, अगदी तशी. आणि माझ्याच आवाजात, हळू, मऊ, म्हणाली, "जाळा."

सगळा मंडप टाळ्यांनी दणाणला. शेजारच्या बाईचे जोडलेले हात तसेच होते. माझे मांडीवरून उठलेच नाहीत.

नाटक संपल्यावर स्नेहा धावत आली. कानाशी लागून म्हणाली, "आई, मी काळी दिसले का गं?"

"न्हाई."

"वाईट?"

"न्हाई गं. लई चांगली दिसलीस."

तिनं मला मिठी मारली. मी खोटं बोलले नव्हते, आणि तेच मला सोसत नव्हतं.

आज पौर्णिमा. साडी कापून शिवलेल्या झग्याची परत साडी काही होत नाही. रोजचीच नेसून वंदनेला बसले. प्राणिहिंसा करणार नाही, हे पहिलं शील. ते म्हणताना माझाच मऊ आवाज कानावर आला आणि जीभ अडखळली. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

स्नेहा चहाचं पातेलं तसंच ठेवून दारात आली. "काय झालं गं? कुणावर ओरडतीयस?"