आठव्या टप्प्यातली झुलती फळी

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे हं, व्हिडिओ गेमची! करड्या प्लास्टिकचे जाडजूड अंग, आत एक हिरवी पट्टी आणि तिच्या कडेला पितळी रंगाचे बारीक दात. अंगावरच्या स्टिकरवर हातात कंदील घेतलेला एक बुटका माणूस आहे. त्याचे डोके केव्हाच सोलून निघाले, कंदील तेवढा शाबूत आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मला घडवले, बंद केले, खोक्यात घातले. पण माझ्या पोटात काय भरले आहे ते मला कुणी सांगितलेच नाही. पडद्यावर येईल तेवढेच मला कळते. हसू नका. तुम्हाला तरी तुमच्या पोटातले काय दिसते?

माझा खेळ सांगायला सोपा आहे. कंदीलवाला डावीकडून उजवीकडे धावतो. पडदा त्याच्याबरोबर सरकत जातो आणि मागचा रस्ता बंद होतो. वाटेत खड्डे, काटे, वरून कोसळणारे दगड. जीव तीन, टप्पे आठ. तिसरा जीव गेला की पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात. मधेच सोडून उद्या तिथूनच खेळू म्हणाल तर ती सोय माझ्याकडे नाही. आजकालचे खेळ म्हणे पडलेल्याला उचलून उभे करतात आणि वर शाबासकीही देतात. माझा स्वभाव तसा नाही. पण दगड रोज त्याच जागी पडतो, काटा त्याच क्षणी वर येतो. पडलात तर कुठे चुकलात ते तुम्हाला तिथल्या तिथे कळते. म्हणून मुले माझ्यावर चिडत, रिमोट आपटत आणि लगेच तोच रिमोट उचलून पुन्हा बसत.

मी ज्या घरात आले तिथे दोघी बहिणी होत्या, ताई आणि धाकटी. त्यांचे बाबा कारखान्यात क्रेन चालवत. पहाटे कामावर जायचे आणि दुपारी येऊन झोपायचे. त्यामुळे दोघी टीव्हीचा आवाज बंद करून खेळत. माझे संगीत त्या घरात कधी वाजलेच नाही. मी नीट चालले नाही की धाकटी माझ्या दातांवर जोरात फुंकर मारी. ती थुंकीमिश्रित फुंकर मला मुळीच मानवत नसे, पण सांगणार कुणाला?

दोघींनी सात टप्पे तोंडपाठ केले. आठव्याच्या शेवटी मात्र घोडे अडले. तिथे एक रुंद खड्डा आहे. खड्ड्यावर दोन साखळ्यांनी टांगलेली एक फळी झुलते आणि पलीकडे शेवटचे दार आहे. ताई काठावर उभी राही. फळी अगदी जवळ आली की उडी मारी. पाय टेकतो न टेकतो तोच फळी मागे सरके आणि कंदीलवाला खाली जाई. सबंध सुट्टी हेच चालले होते. शेवटी एके दिवशी ताई रडवेली होऊन म्हणाली, “ही फळी पार होतच नाही. कॅसेटच खोटी आहे!”

मित्रांनो, मला फार लागले. कारण मलाही माहीत नव्हते. त्या दारापलीकडे खरेच काही आहे का? की मला घडवणाऱ्यांनी न जमणारी उडी घालून मुलांची थट्टा केली? मी अवघड आहे हे मान्य, पण लबाड असेन तर? हाच घोर घेऊन मी कपाटावरच्या बुटांच्या खोक्यात पडून राहिले. बहिणी मोठ्या झाल्या, आपापल्या घरी गेल्या. किती वर्षे गेली कोण जाणे.

परवा खोलीला रंग द्यायचे ठरले, म्हणून दोघी आवराआवर करायला आल्या. खोके उघडताच ताई म्हणाली, “ही टाक भंगाराच्या पिशवीत. शेवटच नाही हिला.”

“अगं, एकदा लावून तर बघू,” धाकटी म्हणाली.

“एकदाच हं. फळी पार झाली नाही तर सरळ पिशवीत.”

पिशवी दारापाशीच होती. मला ती स्पष्ट दिसत होती.

तिने खोक्यातलेच खेळाचे यंत्र टीव्हीला जोडून मला त्यात बसवले. पडद्यावर आधी नुसत्या रेघा आल्या. धाकटीने सवयीने गाल फुगवले, पण ताई आता प्रयोगशाळेत काम करते. तिने मला काढून कापसाच्या बोळ्याला थोडे स्पिरिट लावले आणि एकेक दात पुसून मला परत बसवले. तेवढ्यात बाबा खुर्ची ओढत आले. निवृत्त झाल्यापासून त्यांना दुपारी झोप येत नाही. “आवाज करा की मोठा,” ते म्हणाले, “मुक्यानं काय खेळताय?” आणि माझे संगीत त्या खोलीत पहिल्यांदा वाजले.

दोनदा पडापडी झाली. मग ताईची बोटे वळू लागली. आठवा टप्पा आला तेव्हा एकच जीव उरला होता. ताई काठावर उभी राहिली. फळी जवळ येऊ लागली.

“थांब!” बाबा ओरडले. ते इतका वेळ फक्त फळीकडे बघत होते. “जवळ आली की उडी मारायची नाही. क्रेनवरची नवी माणसं हीच चूक करायची. जवळ आलेला भार लगेच मागं फिरतो. ती लांब असतानाच नीघ. तू पोचेपर्यंत ती येते.”

“अहो बाबा, तेव्हा खाली नुसता खड्डा असतो!”

“असू दे.”

ताईने तळवे ओढणीला पुसले. फळी पार पलीकडे गेली. ताईने उडी मारली. कंदीलवाल्याखाली काहीच नव्हते. आणि मग, मित्रांनो, फळी आली! बरोबर त्याच्या पायांखाली आली आणि त्याला घेऊन पलीकडे गेली. दार उघडले.

दारापलीकडे एक अंधारे गाव होते. कंदीलवाल्याने एकेक दिवा लावला आणि वर मला घडवणाऱ्या अकरा जणांची नावे आली. मी खोटी नव्हते! माझ्या अंगावरचा केवढा भार उतरला म्हणून सांगू. धाकटी टाळ्या पिटत होती. ताई म्हणाली, “म्हणजे होत होतं. आमचंच चुकत होतं.” हे म्हणताना तिला हसू फुटले.

म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती आहे. जुन्या वस्तूंवर फुंकर मारू नका, त्या कोरड्या जागी ठेवा, हळुवार पुसा. आणि एखादी गोष्ट जमली नाही तर तिला खोटी ठरवण्याआधी कुणाला तरी शेजारी बसवून पुन्हा एकदा बघा.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. खोली रिकामी होती, फक्त टीव्ही, मी आणि खुर्चीवर बाबा. “आधी बाहेरची खोली घ्या हो,” बाबा मान न वळवता म्हणाले. “माझा अजून पहिला खड्डासुद्धा पार व्हायचाय.”