जिन्याखालचा चोवीस दारांचा स्विच

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. बोटाने दाबून दिवा लावतात तो स्विच मात्र मी नव्हे. आमचे नाव एक असले तरी घराणी वेगळी. मी संगणक एकमेकांना जोडणारा, म्हणजे नेटवर्कचा स्विच. दिसायला चपटा, करड्या पत्र्याचा डबा. पोटात एक छोटा पंखा आणि पुढे चौकोनी खाचांची रांग. या खाचांना पोर्ट म्हणतात, पण मी त्यांना दारे म्हणतो. मला चोवीस दारे आहेत आणि प्रत्येक दारावर एक हिरवा दिवा आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलावरच्या तपासनीस बाईंनी माझ्या सगळ्या दारांत केबल घालून पाहिली, तेव्हा तेविसावा दिवा लागेना. त्यांनी मला दुरुस्तीच्या टेबलावर परत पाठवले. तिथे एका सुटलेल्या तारेच्या सांध्याला धातूचा डाक नव्याने दिला गेला आणि दुसऱ्या दिवशी मी पास झालो. माझ्यासोबत तयार झालेले डबे तोवर गाडीत चढून गेले होते. ते कुठे गेले, कोण जाणे.

मी आलो एका दवाखान्यात. तळमजल्यावर नोंदणी, प्रयोगशाळा आणि रक्त ठेवायचे फ्रीज. पहिल्या मजल्यावर रुग्णांच्या खोल्या. दुसऱ्या मजल्यावर शस्त्रक्रियेची खोली. माझी जागा जिन्याखालच्या कपाटात ठरली. मला बसवायला ज्या बाई आल्या त्यांना सगळे केबलताई म्हणत. उंच, सावळ्या, कानामागे कायम पेन. दोन दिवस त्या गुडघ्यांवर बसून काम करत होत्या. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना त्यांनी क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली.

दवाखान्याचे व्यवस्थापक, म्हणजे साहेब, बघत उभे होते. त्यांनी विचारले, "दोन्ही टोकांना कशाला? एका बाजूला लिहिलं तरी कळेल की."

"वायरीला दोन तोंडं असतात साहेब," ताई म्हणाल्या. "एकाचंच नाव माहीत असून भागत नाही."

मग त्यांनी मला चालू केले. एकेक करून माझे दिवे लागले आणि मी कामाला लागलो.

माझे काम काय, ते थोडक्यात सांगतो. संगणक एकमेकांना जे पाठवतात ते एका गठ्ठ्यात जात नाही. त्याचे छोटे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. पत्तेही दोन प्रकारचे. एक मॅक पत्ता, तो यंत्राला कारखान्यातच मिळतो आणि अंगावरच्या तिळासारखा सोबत राहतो. दुसरा आयपी पत्ता, तो राहत्या घरासारखा. जागा बदलली की तोही बदलतो. आमच्याकडे हे आयपी पत्ते वाटायचे काम माझा शेजारी राउटर करत असे. दवाखान्यातले बोलणे बाहेरच्या जगात न्यायचे तर तेही त्याचेच काम. घरातल्या घरातले बोलणे मात्र माझ्याकडे.

कोणत्या दारामागे कोणाचे यंत्र आहे हे मला कोणी सांगितले नव्हते. एखादे यंत्र बोलले की त्याचा मॅक पत्ता मी वाचायचो आणि दाराच्या क्रमांकासह लक्षात ठेवायचो. अर्ध्या दिवसात मला सगळा दवाखाना पाठ झाला. नोंदणी तिसऱ्या दारामागे, क्ष-किरणांचे यंत्र अकराव्या, शस्त्रक्रियेची खोली विसाव्या. एखादे पॅकेट आले की मी ते नेमक्या दारातून बाहेर सोडायचो. बाकीच्यांना त्याचा पत्ताही लागत नसे.

कधीकधी मात्र एखाद्या यंत्राला समोरच्याचा मॅक पत्ताच ठाऊक नसतो. मग ते सर्वांना हाळी देते, "या आयपी पत्त्यावर कोण राहतं हो?" अशी हाळी आली की ती आलेले दार सोडून उरलेल्या सगळ्या दारांतून पुढे पाठवायची, हा माझा धर्म. ज्याचा पत्ता असेल तो "मी" म्हणतो आणि काम पुढे जाते. हा नियम साधा आहे. याच नियमाने पुढे माझी पंचाईत केली.

सुरुवातीची वर्षे कौतुकात गेली. पूर्वी क्ष-किरणांची फिल्म हातात घेऊन कोणीतरी जिना चढायचे. आता चित्र तळमजल्यावर निघाले की चहाचा घोट घ्यायच्या आत दुसऱ्या मजल्यावर दिसू लागले. रक्ताचे अहवाल घेऊन रोज जिना चढणारे प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे रक्तवाले काका म्हणत, ते एकदा कपाटापाशी येऊन ताईंना म्हणाले, "तुमच्या या डब्यानं माझे गुडघे वाचवले बघा." आतले फोनही हळूहळू माझ्यावरूनच बोलू लागले. माझी दारे भरत गेली.

आणि मित्रांनो, जे नीट चालते त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही. साहेब ताईंना म्हणाले, "रोज काही बिघडत नाही, मग रोज येऊन तुम्ही तरी काय करणार? लागलं तर बोलावू." पुढची चार वर्षे काही लागले नाही. ताईंनी जवळच दुरुस्तीचे दुकान टाकले. माझ्या कपाटात पोछे आले, फिनेलचे कॅन आले, एक फुटकी बादली आली. माझ्या पंख्याला धुळीचे कांबळे चढले आणि तो घरघरू लागला. चिठ्ठ्यांचा डिंक वाळला. त्या एकेक करून गळून पडल्या आणि झाडूबरोबर गेल्या. मी तरीही काम करत राहिलो. तक्रार करायची सोय माझ्यात नव्हती.

मग एके दिवशी सकाळी प्रयोगशाळेतली टेबले हलवली. एक संगणक खिडकीपाशी गेला आणि त्याला नवी केबल मिळाली. जुनी केबल जागेवरच राहिली. तिचे एक टोक भिंतीतल्या खाचेत होते आणि दुसरे जमिनीवर लोळत होते. काका फार टापटिपीचे. त्यांच्या टेबलावरच्या काचेच्या नळ्यासुद्धा शिस्तीत उभ्या असायच्या. कोणी अडखळून पडेल म्हणून त्यांनी ते सुटे टोक उचलले आणि शेजारच्याच रिकाम्या खाचेत बसवले. खट् असा आवाज झाला. भिंतीतल्या त्या दोन्ही खाचांच्या तारा माझ्याकडेच येत होत्या, एक सातव्या दाराला आणि दुसरी एकोणिसाव्या.

थोड्याच वेळात नोंदणीच्या संगणकाने नेहमीसारखी हाळी दिली. मी नियमाप्रमाणे ती सगळ्या दारांतून पाठवली. सातव्यातून गेलेली हाळी त्या केबलमधून फिरून एकोणिसाव्या दाराने परत आली. एकोणिसाव्यातून गेलेली सातव्याने परत आली. मला वाटले, नवीन हाळी आहे. मी ती पुन्हा सगळीकडे पाठवली. ती पुन्हा आली. दर फेरीला तिची नवी प्रत सगळ्या दारांतून सुटत होती. डोळ्याचे पाते लवते ना लवते तोच माझ्यात हजारो हाळ्यांचा गदारोळ माजला. या प्रकाराला लूप म्हणतात. कोण कोणत्या दारामागे आहे हेही मला उमजेना, कारण एकच यंत्र कधी तिसऱ्या दारातून बोलल्यासारखे वाटे, कधी सातव्या, तर कधी एकोणिसाव्या. माझे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकू लागले.

नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावर एका बाईंचे बाळंतपण अवघड झाले होते. रक्तस्राव थांबत नव्हता. लागले तर असावे म्हणून दोन पिशव्या रक्त काकांनी सकाळीच तपासून, जुळवून ठेवले होते. फक्त वरून मागणी यायची होती. तिथल्या सिस्टरनी ती संगणकावर पाठवली आणि त्या पुन्हा रुग्णापाशी गेल्या.

ती मागणी माझ्यापर्यंत आली होती, मित्रांनो. विसाव्या दारातून आत आली. त्या गर्दीत मला ती पुढे सरकवता आली नाही. समोरून पोच मिळाली नाही की संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. तसे त्याने पुन्हा पाठवले, पुन्हा पाठवले. प्रत्येक वेळी ते माझ्या पोटात चेंगरले. वरच्यांना वाटत होते, रक्त निघाले आहे. खालच्यांना कोणी काही मागितल्याचे माहीतच नव्हते.

मग माझ्या डोक्यावरच्या जिन्यात धावती पावले वाजली. सिस्टर होत्या.

"काका! रक्त कुठंय? पंधरा मिनिटं झाली!"

"कुठलं रक्त?" काका प्रयोगशाळेच्या दारातून म्हणाले.

"दोन पिशव्या मागितल्यात ना! फोनही लागेना तुमचा."

"माझ्याकडे काहीच आलं नाही हो. स्क्रीन कधीचा गोठलाय." मग काकांचा आवाज एकदम बदलला. "कागदावर लिहा. रुग्णाचा क्रमांक, रक्तगट, खाली सही. तोवर मी पिशव्या काढतो."

सिस्टरनी जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून लिहिले. काकांनी घाईतही क्रमांक दोनदा मोठ्याने वाचला, पिशवीवरचा आणि कागदावरचा. दोन्ही जुळले. एरवी कठडा धरून एकेक पायरी चढणारे काका त्या दिवशी दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेले.

इकडे साहेबांनी कपाट उघडले. बादली लाथेने सरकवली, माझे बटण बंद केले आणि पुन्हा चालू केले. हा उपाय पुष्कळदा लागू पडतो. पण केबल जागेवरच होती. पहिली हाळी आली आणि गदारोळ पुन्हा सुरू झाला.

"मेलाय हा," साहेब नोंदणीवरच्या माणसाला म्हणाले. "जुना झालाय. फेकून द्या आणि ताईंना सांगा, येताना नवीन आणा."

ताई वीस मिनिटांत आल्या, पण हात हलवतच. त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या.

"नवीन कुठंय?" साहेबांनी विचारले.

"साहेब, आधी दुखणं तर बघू द्या. हा मेला असता तर दिवे विझले असते. हे बघा, सगळे एका तालात नाचतायत. कुणीतरी याला गोल गोल फिरवतंय."

त्यांनी चिठ्ठ्या शोधल्या. एकही सापडली नाही. मग त्या पहिल्या दारापासून एकेक केबल काढू लागल्या. काढायची, दिव्यांकडे बघायचे, परत लावायची. सातवी केबल काढली आणि सगळे एकदम शांत झाले. माझे दिवे पूर्वीसारखे आपापल्या लयीत मिणमिणू लागले. वरच्या मजल्यावर कोणीतरी ओरडले, "आलं, आलं! चालू झालं!"

ताई त्या तारेचा माग काढत प्रयोगशाळेत गेल्या. पुढचे बोलणे मला उघड्या दारातून ऐकू आले.

"काका, या दोन खाचांमध्ये ही केबल कुणी लावली?"

"मी लावली," काका म्हणाले. "सुटी होती. म्हटलं, कुणी पडेल." आणि मग अगदी हळू, "म्हणजे ते रक्त माझ्यामुळं अडकलं होतं?"

"तुम्ही वायर उचललीत यात चूक नाही. कुठली काय, हे तुम्हाला कळायची सोयच राहिली नव्हती. आणि काका, अडकलेलं रक्त वर नेलं कुणी?"

तासाभराने सिस्टर खाली आल्या आणि जिन्यातूनच त्यांनी सांगितले की रक्तस्राव थांबला, बाई शुद्धीवर आहेत आणि मुलगी ठणठणीत रडते आहे. तेव्हा काका पायरीवर बसले. थेट माझ्या डोक्यावर. बराच वेळ ते तिथेच बसून होते.

माझी निर्दोष सुटका झाली, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले. पण ताईंनी साहेबांना सांगितले, "याचा दोष नाही, हे खरं. तरी हा बदलाच. हल्लीचे स्विच असा लूप ओळखतात आणि ते दार आपणहून बंद करतात. याला ते जमत नाही. इथं जीव अडकलेले असतात, साहेब." मला वाईट वाटले. पण मी माझ्यात चेंगरलेली ती मागणी आठवली आणि मनातल्या मनात ताईंना दुजोरा दिला. आपली चूक नसणे वेगळे आणि आपण त्या कामाला पुरे पडणे वेगळे.

पुढच्या आठवड्यात नवा स्विच आला. ताईंनी माझा पंखा साफ केला आणि मला दवाखान्याच्याच शिकाऊ सिस्टरांच्या वर्गात नेऊन बसवले. इथे सहा संगणक आहेत. अठरा दारे रिकामी आहेत, पण त्याचे मला दुःख नाही. ताई महिन्यातून एकदा येतात आणि मुलींना माझे दिवे वाचायला शिकवतात. पहिल्या तासाला काकाही मागच्या बाकावर येऊन बसले होते, वही घेऊन.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, दुकानात किंवा घरातही माझ्यासारखा एखादा डबा असेल. त्याच्या तोंडासमोर सामान रचू नका. त्याला हवा लागते. कोणती वायर कुठली आहे ते लिहून ठेवा आणि लिहिलेले पुसट झाले की पुन्हा लिहा. सुटी वायर दिसली तर आपल्या मनाने लावू नका, उपटूही नका. ज्याला माहीत आहे त्याला विचारा. आणि वर्षातून एकदा तरी त्याची धूळ पुसा. फक्त फडके कोरडे घ्या. परवा एका उत्साही मुलीने मला ओल्या फडक्याने पुसायला घेतले होते. ताई वेळेवर आल्या म्हणून आज हे सांगायला मी आहे.