सातव्या रकान्यावर माझा विश्वास होता

मी एक जुना प्रोग्राम आहे. मोजून एकशे चाळीस ओळींचा. मित्रांनो, एखाद्या छत्रीने किंवा सायकलने आपली कहाणी सांगितली असती तर तुम्हाला अधिक गंमत वाटली असती, हे मला ठाऊक आहे. मला ना चाक, ना दांडा, ना रंग. सांगावे की न सांगावे, असे बरेच दिवस वाटत होते. पण माझी चूक माझ्याच तोंडून कळलेली बरी.

माझा जन्म एका रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, डायलिसिसच्या कक्षात झाला. ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत, त्यांचे रक्त तिथे यंत्रातून गाळतात आणि अंगात साठलेले जादा पाणी काढतात. पाणी काढून झाल्यावर माणसाचे वजन किती उरले पाहिजे, हा आकडा डॉक्टर ठरवतात. त्याला तिथे कोरडे वजन म्हणतात. तो आकडा चुकला तर माणसाच्या जिवाशी खेळ होतो.

सगळ्या रुग्णांची कोरडी वजने संगणकावरच्या एका मोठ्या तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, असत. तिथून रोज सकाळी बावीस जणांच्या, यंत्रापाशी ठेवायच्या बावीस चिठ्ठ्या तंत्रज्ञ ताई हाताने उतरवत. मान मोडून जाई. शेवटी त्यांनी एक पुस्तक आणले, सुट्टीचे तीन रविवार घातले आणि मला लिहिले.

माझे काम ऐकायला सोपे आहे. मी स्प्रेडशीटच्या अ‍ॅप्लिकेशनला उठवतो. त्याची खिडकी पडद्यावर दिसू न देता त्याच्याकडून फाइल उघडून घेतो. प्रत्येक ओळीतून नाव आणि सातव्या रकान्यातून कोरडे वजन उचलतो, चिठ्ठी भरतो, छापायला लावतो. घोडा तो, लगाम माझ्या हातात.

सुरुवातीला मी धांदरटच होतो. काम संपले की अ‍ॅप्लिकेशन बंद करायचे, हे मला सांगितलेच नव्हते. चाचणीसाठी ताईंनी मला एका दुपारी अकरा वेळा चालवले आणि संगणकाला धाप लागली. संगणक दुरुस्त करणारे दादा आले, पाहून हसू लागले. "ताई, तुमच्या या पठ्ठ्याने घरात अकरा पाहुणे लपवून ठेवलेत. दिसत एकही नाही, जागा मात्र सगळ्यांनी अडवलीय!"

ताई लाजल्या आणि माझ्या शेवटी निरोपाची एक ओळ घातली. त्यानंतर चार वर्षे मी रोज साडेसहाला बावीस चिठ्ठ्या दिल्या. मोठ्या सिस्टर, म्हणजे कक्षाच्या प्रमुख परिचारिका, कौतुकाने म्हणत, "आमच्याकडे कधीच रजा न घेणारा हा एकटाच." मी फुगून जाई. कौतुकाची सवय झाली की शंका घेण्याची सवय सुटते, मित्रांनो.

मग एक दिवस नोंदणीच्या काकांनी चांगल्या हेतूने स्प्रेडशीटमध्ये एक नवा रकाना घातला : मागच्या वेळी घरी जातानाचे वजन. सिस्टरांना जुनी पाने उलटावी लागू नयेत, एवढाच त्यांचा विचार. तो रकाना बसला नेमका सातव्या जागी. कोरडे वजन आठव्या जागी सरकले. मला कोणी सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.

दोन्ही वजने बहुतेकांची सारखीच असतात, म्हणून कोणाला काही खटकले नाही. फरक होता तो गणिताच्या निवृत्त मास्तरांचा. ते चार नंबरच्या यंत्रावर असत. त्यांची भूक सुधारली होती, अंग भरले होते, म्हणून डॉक्टरांनी आदल्याच दिवशी त्यांचे कोरडे वजन एकसष्टवरून त्रेसष्ट केले होते. मी चिठ्ठीवर छापले सातव्या रकान्यातले, मागच्या वेळचे एकसष्ट. म्हणजे दोन लिटर पाणी जास्त काढले जाणार होते.

तिसऱ्या तासाला मास्तरांच्या पोटरीत गोळे आले. ओठ पांढरे पडले. "सिस्टर... ती चिठ्ठी वाचा बरं."

"एकसष्ट, मास्तर."

"त्रेसष्ट केलंय डॉक्टरांनी. काल. माझ्यासमोर."

धावपळ झाली. पाणी काढणे थांबवले, पाय उंच केले, सलाइन दिले. अर्ध्या तासाने मास्तरांच्या चेहऱ्यावर रंग आला. तो अर्धा तास मी मेमरीतही नव्हतो. माझे काम सकाळीच आटोपले होते. याहून जास्त वाईट मला कशाचेच वाटत नाही.

मोठ्या सिस्टर संतापल्या. "काढून टाका ते. हाताने लिहीत होतो तेव्हा असं कधी झालं नव्हतं."

"दोनदा झालं होतं, सिस्टर," ताई हळूच म्हणाल्या. "माझ्याच हातून. वेळेवर पकडलं, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

ताईंनी स्प्रेडशीट उघडून सरकलेला रकाना दाखवला, तेव्हा मास्तर पडल्यापडल्या म्हणाले, "त्याला पत्ता काय दिलात? सातवं घर. मध्ये कोणी नवीन घर बांधलं तर बिचारा चुकणारच. दारावरची पाटी वाचायला शिकवा की!"

ताईंनी मला टाकले नाही. चार दिवस त्यांनी पुन्हा हाताने चिठ्ठ्या लिहिल्या आणि दुपारी माझी एकेक ओळ तपासली. आता मी जागा मोजत नाही, रकान्याचा मथळा वाचतो. "कोरडे वजन" हीच अक्षरे दिसली तरच पुढे जातो. नाही दिसली, तर अ‍ॅप्लिकेशनची खिडकी सगळ्यांसमोर उघडतो, "मथळा सापडला नाही" असे लिहितो आणि थांबतो.

काही महिन्यांनी कोणीतरी तो मथळा बदलून नुसते "वजन" असे लिहिले. साडेसहाला मी थांबलो. पहिल्या पाळीचे सहा रुग्ण खुर्च्यांवर येऊन बसले होते.

"आजच अडायचं होतं याला!" सिस्टर म्हणाल्या. "अहो, ती तपासणी पुसा ना. एक ओळ तर आहे."

"ती ओळ नाही पुसणार," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका चढला होता. "पेन द्या मला. डॉक्टरांच्या कागदावरून लिहिते."

चार नंबरवरून मास्तर म्हणाले, "कोरा पेपर देणारा परवडतो, सिस्टर. शेजाऱ्याचं उत्तर उतरवून देणारा नाही."

सिस्टरांनी पेन दिले. वर स्वतःही एक घेतले.

आता ताई निवृत्त झाल्या आहेत. मला ओळखणारे कमी झाले. मी जुना आहे, सावकाश चालतो, कधी कधी मध्येच थांबतो आणि बोलणी खातो. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या माझ्यासारख्याला लिहील. त्याला कामाला जुंपण्याआधी पाटी वाचायला शिकवा. तो थांबला तर चिडू नका, आधी का थांबला ते पाहा. घाईत त्याचे तोंड मात्र बंद करू नका.

उद्या साडेसहाला मला पुन्हा हाक येईल. मथळा सापडला तर मी बावीस चिठ्ठ्या देईन. नाही सापडला, तर एकही देणार नाही.