आधी सुई

गार्थने टायरचा पान्हा दुसऱ्यांदा हाणला आणि बर्फाची पेटी फुटली. खडे जमिनीभर पसरले. पहिला घाव क्लाइडच्या खांद्यावर बसला होता. तो भिंतीशी कोसळून कण्हत होता.

"बाहेर काढा त्यांना टबातून! बाप आहे माझा, मासळी नाही!"

व्हर्नन हॅस्केल वारला त्याला जेमतेम चार मिनिटे झाली होती. नर्स मृत्यूची वेळ लिहून देऊन गेली होती. प्रेते गोठवून ठेवणाऱ्या कंपनीचे रमोना आणि क्लाइड गेले आठ दिवस याच क्षणासाठी घरात ठाण मांडून होते. म्हाताऱ्याने स्वतः सही केली होती: मेल्यावर मला गोठवून ठेवा, कधीतरी माझ्या रोगावर औषध निघेल. मुलाला हे कळले आज सकाळी. ग्लोब गावच्या दफनभूमीत आईशेजारची जागा अकरा वर्षे राखून ठेवलेली, आणि ही परकी माणसे बापाला बर्फात घालणार म्हणे!

बाहेर अ‍ॅरिझोनातला जुलै भाजून काढत होता. मिनिटागणिक मेंदू नासत होता. रमोनाने छाती दाबणाऱ्या यंत्राचा दट्ट्या म्हाताऱ्याच्या छातीवर बसवला, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा आवळला आणि बटण दाबले.

धाड. धाड. धाड. चौथ्या ठोशाला बरगडी काटकीसारखी मोडली. गार्थ ओरडून यंत्राकडे झेपावला. क्लाइडने खालून त्याचा पाय धरला. गार्थने त्याच्या तोंडावर लाथ घातली, मग आणखी एक, नाकातून रक्त वाहीपर्यंत. पाय सोडवून तो टबापाशी आला, पान्हा डोक्यावर उगारला, आणि हात तसाच वर राहिला.

म्हाताऱ्याचे डोळे उघडे होते. ते त्याच्याकडेच बघत होते.

रमोनाला आपली चूक उमगली. आधी सुई, मग यंत्र. बारा वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नव्हता. भुलीची सुई क्लाइडच्या हातात होती, तो पडला तेव्हा फुटली, आणि घाईत तिने सरळ बटण दाबले होते.

"जिवंत आहेत! हरामखोरांनो, जिवंत माणसाला तुम्ही..."

"नाही, गार्थ. हृदय बंदच आहे. यंत्र रक्त ढकलतंय, म्हणून जाग आलीय. ते थांबलं की संपलं."

"मग थांबवू नकोस."

"नाही थांबवत. पण भूल द्यायला हवी. माझ्याकडे दुसरी सुई आहे."

"खबरदार हात लावशील तर! डोकं फोडीन."

आता यंत्राची राखण तोच करत होता. तो टबावर वाकला.

"डॅड, मी आलोय. ऐकू येतंय ना?"

ठोसा बसला. म्हाताऱ्याचा चेहरा पिळवटला. पुन्हा ठोसा, पुन्हा. आत आणखी काहीतरी मोडले.

"दुखतंय त्यांना?"

रमोनाला खोटे बोलता आले असते.

"हो. प्रत्येक ठोसा."

"आणि सुई दिली तर?"

"झोपतील. यंत्र चालू राहील."

"मग परत..."

"परत उघडणार नाहीत डोळे. निदान आपल्यासमोर तरी नाही."

गार्थने पान्हा यंत्राच्या अगदी वर आणला. एक घाव, की बापाची सुटका. उद्या ग्लोबला, आईच्या शेजारी.

टबातल्या बर्फातून एक हात वर आला. निळसर, ओला. गार्थला वाटले, म्हातारा दट्ट्या ढकलून देणार. त्या हाताने गार्थचे मनगट चाचपत धरले आणि पान्हा यंत्रापासून हळूहळू बाजूला सारला.

गार्थला रडू फुटले.

"एवढं जगायचंय तुम्हाला? आई एकटी आहे तिकडे."

म्हाताऱ्याने मनगट सोडले नाही. गार्थने पान्हा खाली टाकला.

"दे सुई," तो रमोनाकडे न बघता म्हणाला. "मी हात धरतो."

दहा सेकंदांत डोळे मिटले. बोटे सैल झाली. ठोसे मात्र चालूच राहिले.

रमोनाने टबात पाहिले. निम्मा बर्फ वितळला होता, आणि पेटीतला सगळा जमिनीवर. तिने काही म्हणायच्या आत गार्थ गुडघ्यांवर बसला आणि ओंजळींनी खडे गोळा करून बापाच्या डोक्याभोवती रचू लागला. क्लाइडच्या रक्ताचे डाग पडलेले खडे तो बाजूला टाकत होता.

"हा पुरणार नाही," रमोना म्हणाली.

गार्थने शर्टाला हात पुसून ट्रकची किल्ली काढली.

"बर्फाच्या किती पिशव्या आणू?"